‘आपल्यावाचून अडले पाहिजे’: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

नोकरीच्या ठिकाणी स्वतःला अपरिहार्य कसे करावे आणि त्यातून अधिकार व प्रभाव कसा मिळवावा, हे शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे हे परीक्षण आहे. त्याची वर्गणी वार्षिक आहे, शिवाय एका महिन्याची चाचणी वर्गणीही मिळते. चित्रमुद्रित व्याख्याने, प्रत्येक व्याख्यानासोबत भरायचा एक तक्ता, आठवड्यातून एकदा प्रशिक्षिकेशी थेट संवाद आणि अखेरीस प्रमाणपत्र असे त्याचे स्वरूप आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याचे अभ्यासक्रम आज अनेक जण विकत आहेत आणि माझे बहुतेक आक्षेप या एका संस्थेपेक्षा त्या साच्याला लागू पडतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. यातला पहिला भाग घेण्याजोगा आहे, मधला भाग घातक आहे, आणि ज्या भागासाठी खरे तर पैसे मोजावेत तो या अभ्यासक्रमात नाहीच.

सगळ्या मांडणीचा पाया एका विधानावर आहे: अधिकार पदाला चिकटलेला नसतो, तो समोरच्याच्या गरजेत असतो. हे विधान नवे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इमर्सन यांनी १९६२ मध्ये ते जवळजवळ समीकरणासारखे मांडले होते. एका माणसाची दुसऱ्यावरची सत्ता ही त्या दुसऱ्याच्या पहिल्यावरील अवलंबनाइतकी असते, आणि हे अवलंबन दोन बाबींवर ठरते: समोरच्याला ती गोष्ट किती हवी आहे, आणि ती इतरत्र मिळण्याची वाट त्याला कितपत मोकळी आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरतो हे आपल्याकडे कोणालाही वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र हरी किती अडला आहे आणि दुसरे गाढव किती अंतरावर आहे, हे मोजण्याची सवय आपल्याला नसते. ती सवय लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात आहे, आणि तो मला मनापासून आवडला. इमर्सन यांचा उल्लेख मात्र त्यात कुठेही येत नाही. सूत्र जणू संस्थेच्याच डोक्यातून निघाले आहे अशा थाटात ते पडद्यावर झळकते.

या भागातला सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे ‘अवलंबनाचा तक्ता’. आपल्याकडे दिवसभरात जी जी मागणी येते, तिची नोंद चार रकान्यांत करायची असते: काय मागितले, कोणी मागितले, आपण नसतो तर ते कोणाकडे गेले असते, आणि तोवर त्यांना किती थांबावे लागले असते. पहिले दोन रकाने कोणीही भरेल. तिसरा भरताना माणूस अडखळतो, कारण आपल्या मनातले स्वतःचे स्थान आणि कागदावरचे स्थान यांत किती अंतर आहे ते तिथे उघड होते. माझे काम पुरवठादारांची देयके तपासून पुढे पाठवण्याचे आहे. ज्या कामांसाठी मला नेहमी शाबासकी मिळते, म्हणजे मासिक खर्चाचा गोषवारा, वरिष्ठांसाठीचे सादरीकरण, बैठकीची टिपणे, त्या प्रत्येकासमोर तिसऱ्या रकान्यात सहज दोन-दोन नावे लिहिता आली. याउलट, कोणत्या पुरवठादाराच्या देयकाला कोणत्या विभागाचे स्वीकृतिपत्र जोडावे लागते, आणि नेहमीचा स्वाक्षरीकर्ता रजेवर असला की कोणाची स्वाक्षरी चालते, या कोणी कधी कौतुक न केलेल्या बाबीसमोर तो रकाना रिकामा राहिला, आणि चौथ्या रकान्यात ‘दोन-तीन दिवस’ असे लिहावे लागले. एका तक्त्यातून एवढे समजणे ही लहान गोष्ट नाही. शाबासकी कुठे मिळते आणि गाडे कुठे अडते, या दोन निराळ्या जागा असू शकतात, हे व्याख्यान ऐकून पटले नसते. स्वतःच्या हाताने रकाना रिकामा सोडल्यावर पटले.

त्यानंतरचे व्याख्यान अनिश्चिततेवर आहे, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात विचाराची खोली असलेले ते एकमेव व्याख्यान म्हणावे लागेल. एखादा विभाग किंवा व्यक्ती संस्थेत प्रभावी का ठरते, याची तीन अंगे १९७१ मध्ये हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली होती: संस्थेला भेडसावणारी अनिश्चितता हाताळण्याची क्षमता, त्या कामाला पर्याय नसणे, आणि ते काम इतरांच्या कामाशी किती ठिकाणी जोडलेले आहे. प्रशिक्षिकांनी ही तिन्ही अंगे व्यवस्थित उलगडली आहेत. जे काम रोज ठरल्याप्रमाणे होते ते कितीही महत्त्वाचे असले तरी त्यातून वजन मिळत नाही. जे केव्हा बिघडेल याचा नेम नसतो आणि बिघडल्यावर सगळे एकाच दिशेला पाहू लागतात, त्यातून ते मिळते. याला त्यांनी दिलेले उदाहरण अभिजात आहे. फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास मिशेल क्रोझिए यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रसिद्ध केला. त्या कारखान्यांत प्रत्येक गोष्ट नियमांनी बांधलेली होती. कोणाला किती काम, कोणाची बदली कुठे, सारे आधीच ठरलेले. नियमांच्या बाहेर उरली होती ती एकच गोष्ट, यंत्र बंद पडणे, आणि ते दुरुस्त करणे फक्त देखभाल कामगारांना जमत असे. परिणामी यंत्रावरचे कामगार त्यांना दुखवायला धजत नसत आणि पर्यवेक्षकांचेही त्यांच्यापुढे फारसे चालत नसे. कारखान्याच्या अधिकारपदांच्या उतरंडीत त्यांची जागा काय होती याला काही अर्थ उरला नव्हता.

याच व्याख्यानात आणखी एक निरीक्षण ओझरते येऊन जाते, त्यावर खरे तर स्वतंत्र व्याख्यान हवे होते. डेव्हिड मेकॅनिक यांनी १९६२ मध्येच, संस्थांच्या खालच्या पायरीवरच्या माणसांकडे सत्ता कशी येते याचा विचार करताना, एका मनोरुग्णालयातील वॉर्ड परिचरांच्या अभ्यासाचा दाखला दिला होता. डॉक्टरांना कागदपत्रांच्या कामात रस नव्हता आणि त्यासाठी वेळही नव्हता. ते काम परिचरांनी अंगावर घेतले आणि बदल्यात रुग्णांबाबतच्या निर्णयांत त्यांचा शब्द चालू लागला. एखाद्या डॉक्टराने हा अलिखित व्यवहार मोडला तर परिचर सहकार्य आवरते घेत. वरिष्ठ ज्या कामाचा कंटाळा करतात ते काम निमूटपणे उचलणाऱ्याच्या हाती हळूहळू निर्णयाची नाडी येते, ही गोष्ट कोणत्याही कार्यालयात चार वर्षे काढलेल्या माणसाला पटेल. साहेबांची भेट कोणाला केव्हा द्यायची हे ठरवणारा स्वीय सहायक हे त्याचे सर्वांत परिचित रूप. अभ्यासक्रम मात्र यावर दोन वाक्ये बोलून पुढे सरकतो, बहुधा कंटाळवाणे काम उचला हा सल्ला विकायला आकर्षक नसल्यामुळे.

इथून पुढे उतरण लागते. मधल्या भागाचे सूत्र थोडक्यात असे: जे तुम्हाला ठाऊक आहे ते कोणालाही पूर्ण सांगू नका. कार्यपद्धतीची टिपणे लिहू नका, लिहावी लागलीच तर एक पायरी गाळा. नव्या माणसाला काम शिकवताना अपवाद सांगू नका. महत्त्वाचे संपर्क स्वतःच्याच फोनमध्ये ठेवा. हा सल्ला हसत, डोळे मिचकावत दिला जातो, पण दिला जातो. यासाठी पुन्हा त्या तंबाखू कारखान्यांचाच आधार घेतला आहे, कारण तिथल्या देखभालीचे आराखडे आणि सूचनापत्रके कारखान्यांतून नाहीशी झाली होती आणि सगळे ज्ञान तोंडी चालत असे. उदाहरण खरे आहे. त्यातून काढलेला धडा अर्धा आहे. त्या कामगारांना संरक्षण होते ते त्या व्यवस्थेचे. कारखाने सरकारी मक्तेदारीचे होते, स्पर्धेचा प्रश्न नव्हता, नोकऱ्या सुरक्षित होत्या, आणि बाहेरून दुसरा तंत्रज्ञ आणून बसवण्याची मोकळीक व्यवस्थापनाला जवळजवळ नव्हती. ही परिस्थिती ज्याच्या वाट्याला नाही, त्याने आराखडे लपवले तर व्यवस्थापन आधी चौकशी करते आणि मग आख्खे यंत्रच बदलते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला असणे हे जबाबदार संस्था धोक्याचे लक्षण मानतात, आणि तसे मानण्याला कारणे आहेत. १९९५ मध्ये बेरिंग्ज ही दोनशे वर्षांहून जुनी ब्रिटिश बँक बुडाली. तिच्या सिंगापूरच्या शाखेत निक लीसन या एकाच माणसाकडे सौदे करण्याचे आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवण्याचे, अशी दोन्ही कामे होती. नफा आणणारा म्हणून त्याला सहसा कोणी प्रश्न विचारत नसे, आणि अखेरीस तोटा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला. बँकांमध्ये संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना सलग काही दिवस सक्तीची रजा देण्याची जी पद्धत आहे, तिचा हेतू विश्रांतीपुरता नसतो. त्या खुर्चीत दुसरा माणूस बसला की काय काय उघडकीस येते, हे पाहणे हाही तिचा हेतू असतो. म्हणजे जो माणूस कधीच रजा घेत नाही, ज्याच्यावाचून पान हलत नाही, त्याच्याकडे लेखापरीक्षक कौतुकाने पाहत नाहीत. प्रामाणिक कर्मचाऱ्याने केवळ वजन वाढावे म्हणून नेमकी हीच लक्षणे स्वतःवर ओढवून घेणे हा कसला शहाणपणा? या भागावर एकाही इशाऱ्याचे वाक्य नसावे हे मला अक्षम्य वाटले.

इतिहासावरचा भाग रंजक आहे आणि सादरीकरण म्हणाल तर सर्वांत देखणे. नायक अपेक्षेप्रमाणे बिस्मार्क, जर्मनीला एकत्र आणणारा प्रशियाचा मुत्सद्दी. १८६२ मध्ये सैन्यसुधारणांच्या खर्चावरून प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म आणि संसद यांच्यात असा पेच पडला होता की राजा सिंहासन सोडण्याच्या विचारात होता. त्या अडलेल्या क्षणी बिस्मार्कना मुख्य मंत्रिपद मिळाले, आणि पुढे अनेकदा राजीनाम्याचे हत्यार उपसून त्यांनी राजाकडून आपल्या मनासारखे करून घेतले. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहते, संगीत चढते, आणि व्याख्यान संपते. कथा तिथे संपवणे ही हातचलाखी आहे. १८८८ मध्ये दुसरा विल्हेल्म गादीवर आला, तेव्हा तो तिशीच्या आतला होता आणि त्याला या म्हाताऱ्या चॅन्सेलरची गरज वाटत नव्हती. मार्च १८९० मध्ये बिस्मार्कना राजीनामा द्यावा लागला, आणि या वेळी तो स्वीकारला गेला. गरज सरो, वैद्य मरो.

यात लक्ष द्यावे अशी एक बारीक गोष्ट आहे, आणि व्याख्यान पुढे चालले असते तर ती सांगता आली असती. जर्मनीला बिस्मार्कची गरज खरोखरच संपली होती का, हा प्रश्न वेगळा. रशियाशी त्यांनी १८८७ मध्ये गुप्तपणे केलेला करार १८९० मध्ये नव्या राज्यकर्त्यांनी पुढे चालू ठेवला नाही, आणि काही वर्षांतच रशिया फ्रान्सच्या गोटात गेला. म्हणजे त्यांच्या जाण्याने नुकसान झाले असे म्हणायला जागा आहे. पण नंतर होणाऱ्या नुकसानातून त्यांना त्या दिवशी काडीचेही वजन मिळाले नाही. ज्याच्यावर वजन टाकायचे त्याला स्वतःला अडचण जाणवली पाहिजे. इतिहासकारांना ती पुढे दिसली तर तिचा उपयोग इतिहासकारांना.

मराठी वाचकाला इथे नाना फडणवीस आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना सोडून कारभारात परत घ्यावे लागले. पैशाची आणि राजकारणाची गुंतवळ ज्याच्या डोक्यात आहे त्याला कोठडीत ठेवून दौलत चालत नाही, याची जाणीव या वेळी अडवणाऱ्यालाच झाली होती, आणि म्हणून ती कामी आली. मात्र १८०० मध्ये नाना गेले आणि ती गुंतवळ सोडवणारा दुसरा कोणी उरला नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली. त्याला शिंदे-होळकरांचे वैर आणि स्वतः पेशव्यांचा स्वभाव ही कारणे होतीच, सगळे खापर एका माणसाच्या मृत्यूवर फोडता येत नाही. तरीही आपल्यामागे कारभार पेलणारा माणूस उभा नसणे ही अपरिहार्य ठरलेल्या माणसाच्या हिशेबातली एक नोंद असते. असे उदाहरण अभ्यासक्रमात नाही याचे आश्चर्य वाटत नाही, कारण पडद्यावर दाखवायला ते बिस्मार्कइतके चकचकीत नाही आणि त्याचा शेवट विक्रीला पोषक नाही.

आता जे गाळले आहे त्याविषयी. इमर्सन यांच्या मांडणीचा अर्धा भाग अभ्यासक्रमाने उचलला आणि उरलेला अर्धा सोडून दिला, आणि माझ्या मते तोच अर्धा महत्त्वाचा होता. एका बाजूचे अवलंबन वाढले की ते नाते तसेच स्थिर राहत नाही. अवलंबून असलेला माणूस तोल सावरण्याच्या खटपटीला लागतो, असे त्यांनी दाखवले होते. तो आपली गरज कमी करतो. तो दुसरा पुरवठादार शोधतो. तो आपल्यासारख्या इतर अडलेल्यांशी हातमिळवणी करतो. किंवा तो तुम्हाला मान देऊ लागतो, म्हणजे त्या मानासाठी तुम्हीही त्याच्यावर थोडे अवलंबून व्हावे. हा चौथा मार्ग कार्यालयात सर्वांत जास्त वापरला जातो. वार्षिक सभेत उभे करून ‘यांच्यावाचून आपला विभाग चालूच शकत नाही’ असे म्हटले जाते, टाळ्या होतात, शाल नसली तरी पुष्पगुच्छ मिळतो, आणि पगारवाढीचा विषय पुढच्या वर्षावर जातो. पहिले तीन मार्ग त्या वेळी पडद्याआड सुरू असतात. जो माणूस स्वतःला अपरिहार्य करण्याच्या मागे लागला आहे, त्याला समोरून काय येणार हे आधी सांगायला हवे. खेळी शिकवायची आणि समोरच्याची उत्तरे शिकवायची नाहीत, हे बुद्धिबळाच्या कोणत्याही शिक्षकाला शोभणारे नाही.

या उत्तरांचे अलीकडचे एक नितळ उदाहरण संगणकक्षेत्रात आहे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने, नावावरून झालेल्या वादात चिडून, आपली अडीचशेहून अधिक छोटी पॅकेजेस, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारे तयार कोडचे तुकडे, एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यांतले ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज जेमतेम ११ ओळींचे होते. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. पण त्यावर दुसरी पॅकेजेस अवलंबून होती, त्यांवर आणखी, आणि बघता बघता जगभरातील असंख्य सॉफ्टवेअर प्रकल्पांची बांधणी कोसळू लागली. अपरिहार्यता याहून शुद्ध स्वरूपात क्वचितच पाहायला मिळते. तरी तिचा अधिकार किती टिकला? काही तासांतच भांडाराच्या चालकांनी ते पॅकेज स्वतःच्या अधिकारात परत ठेवले, आणि नंतर, इतर पॅकेजे ज्यांवर अवलंबून आहेत ती मूळ लेखकाला सहजासहजी काढता येऊ नयेत, असा नियमच बदलला. अडवणुकीचे हत्यार एकदा वापरले गेले आणि त्याच वेळी निकामी झाले. ११ ओळी पुन्हा लिहायला कोणालाही काही मिनिटे पुरतात. म्हणजे गरज अफाट होती, पण पर्यायही हाताशी होता, आणि ही दुसरी बाजू त्या क्षणापर्यंत कोणी तपासली नव्हती. अवलंबनाच्या तक्त्यातला चौथा रकाना हेच विचारतो, आणि तो तक्ता शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाने पुढच्या व्याख्यानांत तो विसरावा हे विचित्र आहे.

साप्ताहिक थेट संवाद हा या सेवेचा सर्वांत चांगला चालणारा भाग आहे, आणि त्याचे श्रेय सहभागी लोकांना अधिक आहे. प्रश्न नेमके असतात. एका सत्रात एका सहभागी बाईंनी विचारले की त्या आपल्या विभागात खरोखरच अपरिहार्य झाल्या आहेत, म्हणूनच दोनदा बढतीसाठी त्यांच्या नावाचा विचार झाला नाही, कारण त्यांची खुर्ची कोण सांभाळणार हा प्रश्न सुटला नाही. तर आता काय करावे? प्रशिक्षिका थोडा वेळ बोलल्या, पण ते उत्तर नव्हते. त्यांनी ‘आपले मूल्य वरिष्ठांपर्यंत पोहोचवा’ एवढेच तीन प्रकारे सांगितले. वरिष्ठांपर्यंत मूल्य पोहोचलेलेच होते, अडचण तीच होती. मला स्वतःला याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी होते. जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी नेण्याची कळ त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी, रुग्णालयाच्या जिन्यात उभे राहून, ते फोनवर कोणाला तरी कोणती खूण आधी काढायची आणि कोणता आकडा पुन्हा भरायचा हे सांगत होते. मी शेजारीच उभा होतो. साहेबांसह सगळे त्यांना ‘अहो दादा, तुम्हीच बघा’ म्हणत. तरी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून माणूस आला, आणि त्या नव्या साहेबांनी पहिल्या महिन्यातच दादांना बोलावून अत्यंत आदराने सांगितले की तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही. दादांच्या हाती वजन होते यात शंका नाही, रजेचे अर्ज त्यांना विचारून मंजूर होत. पण ते वजन त्या एका टेबलापुरते होते आणि ते टेबल सोडताच संपणारे होते.

जो जाऊ शकतो त्याच्याच अपरिहार्यतेला मोल येते, हा मुद्दा या बाईंच्या प्रश्नात दडलेला होता. बिस्मार्कच्या राजीनाम्याच्या धमकीत जोर होता तो त्यांना खरोखर निघून जाता येत होते म्हणून. ज्याचे सगळे कौशल्य एका संस्थेच्या एका प्रणालीपुरते आहे, त्याला बाहेर किंमत नाही. म्हणजे संस्था जितकी त्याच्यावर अवलंबून, त्याहून अधिक तो संस्थेवर. अपवाद लपवून ठेवणाऱ्याचे नेमके हेच होते. याउलट अनिश्चितता हाताळण्याचे सामान्य कौशल्य, पुरवठादारांशी असलेली पत, वादात दोन्ही बाजूंना मान्य होणारा शब्द, या गोष्टी माणसासोबत चालत जातात आणि त्या दुसऱ्याला शिकवल्याने कमी होत नाहीत. हातातले नित्याचे काम शिकवून मोकळे व्हावे आणि पुढच्या अनिश्चित कामाकडे सरकावे, हा मार्ग दुसऱ्याच व्याख्यानातल्या तत्त्वांतून सरळ निघतो. अभ्यासक्रमाच्या कर्त्यांनी स्वतःचेच व्याख्यान नीट ऐकले असते तर मधला भाग त्यांना गाळावा लागला असता.

आता सेवेच्या व्यवहाराविषयी, कारण तिथे संस्था आपला धडा ग्राहकावरच वापरते. सराव-तक्ते फक्त त्यांच्याच अ‍ॅपमध्ये भरता येतात. ते उतरवून घेण्याची सोय नाही. मुद्रण केले तर रकाने रिकामे छापून येतात आणि वर संस्थेचे बोधचिन्ह तेवढे ठसठशीत उमटते. वर्गणी संपली की आपणच भरलेला तक्ता, म्हणजे आपल्या कामाची आपण केलेली इत्थंभूत नोंद, आपल्याला पाहता येत नाही. पुन्हा वर्गणी भरली की ती जशीच्या तशी परत दिसते, असे त्यांच्या साहाय्य कक्षाने मला नम्र शब्दांत कळवले. आपल्या कार्यालयातील कोणता माणूस कोठे अडतो याची नोंद अशा रीतीने परक्याच्या ताब्यात जाते, याबद्दल गोपनीयतेच्या धोरणात एक मोघम परिच्छेद आहे. साहाय्य कक्ष तत्पर आहे, उत्तरे दुसऱ्या दिवशीपर्यंत येतात, भाषा सौजन्याची असते, एवढे मान्य केले पाहिजे. चित्रण आणि ध्वनी उत्तम आहे. मराठी उपशीर्षके यंत्राने केलेली असावीत, कारण ‘राजीनामा’च्या जागी अधूनमधून ‘राजनामा’ दिसतो आणि बिस्मार्क दोन ठिकाणी ‘बिस्किट मार्क’ झाले आहेत. प्रमाणपत्राला माझ्या माहितीतल्या कोणत्याही नियोक्त्याने विचारलेले नाही, आणि मुलाखतीत ते दाखवणे कितपत शहाणपणाचे ठरेल याचीही शंका आहे.

नोकरीत नव्याने स्थिरावणाऱ्याला, किंवा आपण राबतो पण आपला शब्द का चालत नाही असे वाटणाऱ्याला, पहिला भाग आणि अनिश्चिततेवरचे व्याख्यान नक्की उपयोगी पडेल. जो आधीच विभागाचा खांब झाला आहे आणि त्या खांबाला बांधलेलाही आहे, त्याच्यासाठी इथे काही नाही; त्याने थेट संवादात बसून इतरांचे प्रश्न ऐकले तर थोडेफार हाती लागेल. मधला भाग पाहिलाच तर सावध राहून पाहावा, आणि टिपण लिहिताना पायरी गाळण्याचा सल्ला तर सोडूनच द्यावा. मी पाचपैकी अडीच तारे देतो, त्यांतले दोन त्या तक्त्यासाठी. घ्यायचे ठरवलेच तर एकच महिन्याची चाचणी वर्गणी घ्या, दोन व्याख्याने त्यातच ऐकून होतात. चार रकाने स्वतःच्या वहीत आखून तिथेच भरा. वर्गणीचे आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. ती कळ ‘माझे खाते’ या भागात शोधू नका, ती ‘प्रमाणपत्र’ भागाच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत ठेवली आहे.